अद्भुत आले पार्सलाने

दारावरची घंटा वाजली तेव्हा मी प्रथम वर्षाच्या उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. आमच्या धंद्यातल्या माणसाला घंटा दोनच ठाऊक. एक तास सुरू झाल्याची आणि दुसरी तो संपल्याची. ही तिसरी घंटा आमच्या घरात एवढी उलथापालथ करील अशी मला पुसटशीही कल्पना नव्हती. मी उठेपर्यंत आतल्या खोलीतून आमची कन्या वाऱ्यासारखी धावत आली. "बाबा, तू उघडू नकोस, माझं पार्सल आहे!" असे ओरडून तिने दार उघडले, आणि पुढच्याच क्षणी एक भलेमोठे खोके छातीशी कवटाळून ती दिवाणखान्याच्या मधोमध उभी राहिली. डोंबिवलीतल्या आमच्या बिऱ्हाडाला 'दिवाणखाना' हा शब्द अंमळ मोठाच आहे. पण खोके ठेवायला जागा हवी म्हणून माझ्या उत्तरपत्रिका टीपॉयवरून जमिनीवर गेल्या, तेव्हा त्या दिवशीचा मान कोणाचा हे माझ्या ध्यानात आले.

"काय आहे यात?"

"पुस्तक."

"एका पुस्तकाला एवढं खोकं? पुस्तक आहे की प्रेशर कुकर?"

"पुस्तकाचा बॉक्स आहे रे बाबा. फँटसीचा. वर्गणी भरली की येतो."

वर्गणी हा शब्द ऐकून मला जरा बरे वाटले. गणपतीपासून सत्यनारायणापर्यंत वर्गणी भरण्यात आम्हा डोंबिवलीकरांचा हात कोणी धरणार नाही. पण हा प्रकार निराळा होता. गेल्या दहा-बारा वर्षांत परदेशांत हा एक नवाच पुस्तकधंदा फोफावला आहे. उत्तर अमेरिकेतली 'आउलक्रेट' २०१५ साली निघाली, इंग्लंडातली 'फेअरीलूट' २०१६ साली. मग त्यांच्यासारख्या आणखी कितीतरी. आपण पैसे आधी भरायचे. पुस्तक कोणते येणार ते ठाऊक नसते. कळते ते एवढेच की या खेपेला ड्रॅगन आहे, किंवा शापित राजपुत्र आहे, किंवा समुद्रातले राज्य आहे. मग एक दिवस खोके येते. त्यात खास बांधणीचे पुस्तक, लेखकाची सही किंवा पत्र, आणि त्या गोष्टीशी नाते सांगणाऱ्या चार चिजा. आमच्या कन्येने आणि तिच्या तीन मैत्रिणींनी मिळून अशी एक पेटी मागवली होती. एक मैत्रीण ठाण्याची, एक कल्याणची, एक शेजारच्या इमारतीतली. चौघींनी भाऊबिजेची ओवाळणी आणि वाढदिवसाची पाकिटे एकत्र केली होती. म्हणजे वर्गणीतही वर्गणी! पुस्तक दहा-दहा दिवस एकेकीकडे राहायचे, असाही ठराव झालेला.

ते खोके उघडण्याचा सोहळा मी जन्मात विसरणार नाही. मी सुरी आणायला निघालो, तर मला खाली बसवण्यात आले. आधी शेजारची मैत्रीण आली. मग फोन एका डब्याला टेकवून उभा करण्यात आला आणि त्याच्या काचेतून ठाण्याची व कल्याणची मैत्रीण डोकावू लागल्या. खोक्याचा एक कोपरा वाटेत चेपला होता. तो पाहून चौघींनी एकदम असा सुस्कारा टाकला की घरात कोणी आजारी आहे असे वाटावे. "हळदकुंकू लावायचं का त्याला?" स्वयंपाकघरातून आमच्या कुटुंबाचा आवाज आला. कोणी हसले नाही.

मग एकेक वस्तू बाहेर येऊ लागली. प्रथम चांदण्यांचा काळा पातळ कागद. मग एक कार्ड. मग कोणत्या तरी नसलेल्या देशाचा घडीचा नकाशा. मग एक मेणबत्ती. तिला म्हणे ड्रॅगनच्या गुहेचा वास होता. आमच्या कुटुंबाने ती हुंगून पाहिली आणि "दालचिनी आहे, थोडा कापूर आहे" असा निर्वाळा दिला. ड्रॅगन काय खातात हे त्यामुळे आम्हाला प्रथमच समजले. सर्वांत शेवटी पुस्तक निघाले. चांगले चार बोटे जाड, पानांच्या कडा निळ्या-सोनेरी रंगवलेल्या, वेष्टनाच्या आत आणखी एक चित्र. कोपऱ्याला काही झाले नव्हते. कन्येने ते हातात घेतले, उघडले, पण वाचायला सुरुवात केली नाही. पुस्तकात नाक खुपसून तिने एक दीर्घ श्वास घेतला.

आता खरे सांगायचे तर येथवर मी मनातून चरफडत होतो. बाप मराठीचा प्राध्यापक आणि मुलगी इंग्रजी राक्षसांवर ओवाळणी उधळते, ही गोष्ट काही भूषणाची नव्हे! पण तिने पुस्तक हुंगले मात्र, आणि मला माझे वडील आठवले.

वडील पुस्तके व्ही.पी.ने मागवीत. ही व्ही.पी.ची सोय आपल्याकडे १८७७ सालापासूनची. पुस्तक पुण्याहून निघे, पोस्टमन दारात येई, पैसे मोजून घेई आणि गठ्ठा हाती देई. सुतळी कापायची नाही असा घरचा दंडक होता. ती गाठ सोडून एका गुंडीला गुंडाळली जाई, खाकी कागद आमच्या शाळेच्या पुस्तकांना कव्हर म्हणून जाई, आणि मग वडील कोऱ्या पुस्तकाचे पान उघडून असाच दीर्घ श्वास घेत. पार्सलाचा मेणबत्तीवाचून खोळंबा होत नसे एवढाच काय तो फरक.

आणि आधी पैसे भरून पुस्तकाची वाट पाहणे, हे तरी आपल्याला कुठे नवे आहे? जुन्या मराठी पुस्तकांत वर्गणीदारांच्या आणि आश्रयदात्यांच्या याद्या छापलेल्या आढळतात. त्या मंडळींनी पैसे टाकले म्हणून ती पुस्तके निघाली. १९७४ साली दिनकर गांगल आणि त्यांच्या मित्रांनी 'ग्रंथाली' सुरू केली, ती वाचक सभासदांच्याच बळावर. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून तर दर वर्षी सबंध महाराष्ट्र आत काय निघेल हे ठाऊक नसताना एक पुडके विकत घेतो आहे. वाचकहो, तुमच्या हातात या घटकेला तेच आहे!

अमेरिकेत हॅरी शेरमन नावाच्या गृहस्थाने १९२६ साली दरमहा एक पुस्तक घरपोच देणारा मोठा क्लब काढला. त्याने सभासदांना पहिले पुस्तक पाठवले ते सिल्व्हिया टाउनसेंड वॉर्नर या लेखिकेचे, 'लॉली विलोज'. त्याची नायिका कोण? भावाच्या घरी राबून कंटाळलेली आणि शेवटी चेटकीण झालेली एक प्रौढ कुमारिका! म्हणजे या धंद्याचा नारळ फुटला तोही अद्भुतानेच.

पण हे सारे मला नंतर सुचले. त्या दिवशी मी प्राध्यापकाला शोभेल असाच प्रश्न विचारला.

"एवढे पैसे घालून राक्षसच वाचायचे, तर मराठीत काय कमी आहेत?"

"आहेत का?" तिने मान वर केली. तिच्या स्वरात उपहास नव्हता. खरोखरीच विचारीत होती.

झाले! मला वीस वर्षांची सवय. मी घसा खाकरला आणि मुद्दे सांगू लागलो. मराठीतली पहिली कादंबरी बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', १८५७. ती विधवांच्या दुःखाची, म्हणजे वास्तवाची. पण तो धागा तिथेच तुटला. १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' आली, मग त्यांचीच 'रत्नप्रभा', मग रिसबुडांची 'मंजुघोषा'. या अद्भुतरम्य कादंबऱ्या. योगायोगांची रेलचेल, अलंकारिक भाषा, वास्तवापासून पलायन. पुढे हरिभाऊ आपट्यांनी कादंबरीला पुन्हा जमिनीवर आणले. पाच गुणांची टीप पुरी झाली.

"कशी आहे 'मुक्तामाला'?" तिने विचारले. "आवडली तुला?"

मी गप्प.

"वाचली नाहीस?"

फोनच्या काचेतल्या दोघी आणि शेजारची एक, अशा तीन जणींसमोर हा प्रश्न आला होता. मी 'मुक्तामाले'वर लिहिलेले सारे वाचले होते. 'मुक्तामाला' वाचली नव्हती. गेली वीस वर्षे ज्या पुस्तकाला मी वर्गावर्गातून नापास करीत आलो, त्याची उत्तरपत्रिका मी कधी उघडूनही पाहिली नव्हती.

कन्येला माझी दया आली असावी. ती म्हणाली, "टोल्किन होता ना, तोही तुझ्यासारखाच प्रोफेसर होता. जुनी इंग्रजी शिकवायचा. पेपर तपासता तपासता एका मुलाच्या उत्तरपत्रिकेत कोरं पान आलं, त्यावर त्याने 'हॉबिट'चं पहिलं वाक्य लिहून टाकलं." 'हॉबिट' १९३७ साली निघाले. कोरे पान मलाही पुष्कळदा लागते. मी त्यावर तिरकी रेघ मारतो.

मैत्रिणी गेल्या, फोन बंद झाला. खोक्यातला कागद गोळा करता करता ती सहज बोलून गेली, "आजी सांगायची ना, तसं असतं यात."

आजी म्हणजे माझी आई. तिचे माहेर कल्याणचे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, आणि तिचे वडील त्याचे सभासद. त्यांच्या नावावर कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' तिने इतक्या वेळा वाचल्या होत्या की त्या तिला तोंडपाठ होत्या. त्यांचा पहिला भाग निघाला १८६१ साली. म्हणजे ज्या वर्षी 'मुक्तामाला', त्याच वर्षी! रात्री दिवे मालवले की नात आजीच्या कुशीत शिरे आणि गोष्ट सुरू होई. आईच्या गोष्टींत तिची स्वतःची भर फार. तिचा सिंदबाद बसऱ्याहून निघे, त्याच्या शिदोरीत दशम्या असत, आणि प्रत्येक सफरीत त्याचे गलबत कल्याणच्या खाडीत हटकून येई. "आई, कल्याण नाही त्यात," असे मी एकदा उत्तरपत्रिकांतून डोके वर काढून सांगितले होते. "तुला काय ठाऊक?" एवढेच ती म्हणाली. तिचे अगदीच खोटे नव्हते. कल्याण हे प्राचीन बंदर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात त्याचे नाव आहे.

२०२१ च्या एप्रिलात आई गेली. करोनाची दुसरी लाट होती. रुग्णवाहिका आली तेव्हा कन्या अकरा वर्षांची होती, आणि तिला दुसऱ्या खोलीत बसवले होते. पुढे काय झाले ते त्या वर्षी ज्यांच्या घरात असे घडले त्यांना सांगायला नको.

"पाचवी सफर चालू होती," कन्या म्हणाली. "तो म्हातारा सिंदबादच्या मानगुटीवर बसला होता, उतरतच नव्हता. आजी म्हणाली, उद्या सांगते. मग मी एकटीने शोधलं. लायब्ऱ्या बंद होत्या. फोनवर सगळं इंग्रजीत मिळालं. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं."

"मला का नाही विचारलंस?"

"तू सारखा त्या ऑनलाइन लेक्चरमध्ये असायचास."

तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितले असते तर मला उत्तर देता आले असते. आणि मला एकदम २०१७ सालचे संमेलन आठवले. नव्वदावे अखिल भारतीय साहित्य संमेलन आमच्या डोंबिवलीत भरले होते. सात वर्षांच्या या मुलीने ग्रंथप्रदर्शनात एका राक्षसाच्या चित्रांच्या पुस्तकासाठी हट्ट धरला होता. मी तिला एका थोर पुरुषाचे चरित्र घेऊन दिले होते. ते अजून आमच्या कपाटात आहे. अगदी नवे कोरे आहे.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघे ठाण्याला गेलो. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर. १८९३ साली ते निघाले. 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे विनायक लक्ष्मण भावे त्याच्या संस्थापकांतले. गाडीत मी तिला नाथमाधवांची गोष्ट सांगितली. ही मला खरोखरीच ठाऊक होती, म्हणून जरा ऐटीतच सांगितली. द्वारकानाथ माधव पितळे हे त्यांचे नाव. तरुणपणी शिकारीचा नाद. १९०५ साली सिंहगडावर शिकारीला गेले असताना कड्यावरून कोसळले आणि कमरेखालचा भाग कायमचा लुळा पडला. वय तेविशीच्या आसपास. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी वाचायला घेतले, मग लिहायला घेतले, आणि १९१३ साली 'वीरधवल' ही साहसांनी आणि चमत्कारांनी भरलेली कादंबरी मराठी वाचकांना दिली.

मुंब्रा गेले तरी ती खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "म्हणजे स्वतःला चालता येत नव्हतं, आणि घोडे दौडवत होता?"

"हो."

"याला तू पलायन म्हणतोस?"

टोल्किनने १९३९ सालच्या एका व्याख्यानात हाच मुद्दा मांडला आहे: तुरुंगातल्या माणसाने भिंतीपलीकडच्या जगाचा विचार केला, तर त्याला पळपुटा कसे म्हणायचे? तो विचार मी पूर्वी वाचला होता आणि वर्गात सांगितलाही होता. पण बंद घरातल्या अकरा वर्षांच्या मुलीच्या संदर्भात तो मला कधी सुचला नव्हता.

त्या दिवशी आम्ही 'वीरधवल' आणली. घरी येऊन मी माझे स्वतःचे कपाटही नव्या नजरेने पाहिले. जी. ए. कुलकर्ण्यांच्या 'रमलखुणा' (१९७५) मधली 'इस्किलार' ही दीर्घकथा मी वर्गात शिकवली आहे. तिच्यातली प्रतीके सांगितली, नियती सांगितली. पण "मुलांनो, ही एक विलक्षण अद्भुत गोष्ट आहे, आधी नुसती ऐका," असे एकदाही म्हणालो नाही. नारायण धारपांचा नवा भयकथासंग्रह मिळवायला वाचनालयात नंबर लागत असत. मी विद्यार्थी असताना आमच्या वर्गात त्यांचे नाव निघाल्याचे मला आठवत नाही. अद्भुत आपल्याकडे नव्हते असे नाही. लहान मुलांचे म्हणून आम्ही शिकलेल्या लोकांनी ते माळ्यावर टाकले, आणि मुले ते शेजारच्या घरी मागायला गेली, तेव्हा त्यांच्यावर रागावलो.

म्हणून काय त्या परदेशी पेटीत सारे उत्तमच आहे? तसे नव्हे. कपाटात शोभेसाठी तीच कादंबरी तीन-तीन रंगांच्या कडांची घेणारे लोक आहेत, आणि त्या प्रती चढ्या भावाने पुन्हा विकणारेही. मेणबत्तीचे पैसे वजा केले तर आणखी दोन पुस्तके आली असती असे आमच्या कुटुंबाचे मत आहे, आणि हिशेबात ती सहसा चुकत नाही. पण चार मुलींनी एका पुस्तकाची महिनाभर वाट पाहिली, आणि दहा-दहा दिवसांचा ठराव तंतोतंत पाळला. माझ्या वर्गातल्या किती मुलांनी एखाद्या मराठी पुस्तकाची वाट पाहिली असेल? आणि त्यांनी वाट पाहावी असे मी काय केले आहे?

तेव्हा यंदाच्या दिवाळीत मी एक पेटी केली. खोके तेच, चेपलेल्या कोपऱ्याचे. त्यात 'वीरधवल' ठेवली, 'रमलखुणा' ठेवली, चिपळूणकरांच्या 'सुरस गोष्टी'ची नवी आवृत्ती मिळवून ठेवली. टोल्किनचे मुग्धा कर्णिकांनी मराठी केलेले 'स्वामी मुद्रिकांचा' ठेवले. तिने मूळ वाचले आहे, पण मराठीत ते राक्षस कसे बोलतात ते तिला पाहू दे. मेणबत्तीऐवजी पणती. ड्रॅगनच्या वासाऐवजी उटण्याची पुडी. लेखकाची सही मिळणे शक्य नव्हते, म्हणून मी स्वतःच चार ओळींचे पत्र लिहिले. ते काय होते ते येथे सांगत नाही. वरून सुतळी बांधली आणि कापायची नाही, गाठ सोडायची, अशी अट घातली.

आता पेटी मिळाल्यावर कन्या मराठीच्या प्रेमात पडली, असा शेवट केला तर तो अद्भुतरम्य होईल. तसे घडले नाही. 'वीरधवल'ची वीस पाने झाली आहेत. "सुरुवात फार लांबड आहे, बाबा," हा तिचा अभिप्राय. जुने शब्द अडतात, लांब वाक्यात ती हरवते. पण पुस्तकात खूण घातलेली आहे, आणि खूण त्या परदेशी पेटीतलीच आहे. 'मुक्तामाला' मी मिळवली असून वाचतो आहे. सुरुवात तीही लांबड आहे. पण परवा तिच्या नादात माझे स्टेशन गेले आणि मी ठाकुर्लीला उतरलो. कॉलेजात यंदा मी पाच गुणांची टीप दिली, कारण परीक्षा आहे. पण टीपेआधी तिच्यातली चार पाने वाचून दाखवली. मागच्या बाकावरच्या एका मुलाने तास संपल्यावर विचारले, "सर, पुढे काय झालं?" वीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

आणि रात्री आमच्याकडे पाचवी सफर सुरू झाली आहे. तिला वाचायला जड जाते म्हणून मी वाचतो. उत्तरपत्रिका जमिनीवरच असतात. काल सिंदबादने भोपळ्यात द्राक्षांचा रस भरून त्या म्हाताऱ्याला पाजला, म्हातारा झिंगला, त्याचे पाय सैल पडले आणि सिंदबादने त्याला मानेवरून खाली फेकले. चार वर्षांहून अधिक काळ तो तिथे बसला होता. आम्ही दोघेही थोडा वेळ काही बोललो नाही.

मग अंधारातून आवाज आला, "बाबा, कल्याण आलं नाही अजून."

पुस्तकात कल्याण नाही. मूळ संहितेत आपले पदरचे घालू नये, हे मी दर वर्षी एम.ए.च्या मुलांना बजावून सांगतो. मी पान उलटल्यासारखे केले आणि वाचू लागलो: वारा पडला, म्हणून नाखव्याने गलबत कल्याणच्या खाडीत घातले, आणि सिंदबाद दशम्यांची शिदोरी घेऊन धक्क्यावर उतरला.

"हां," ती म्हणाली आणि कूस बदलली.

अजून दोन सफरी उरल्या आहेत.